खोटा खरवस

आजवर आमच्या हातून ज्या लहानमोठ्या लबाड्या घडल्या, त्यांपैकी बहुतेक उघडकीस आल्या नाहीत. कार्यालयात उशिरा पोहोचल्याची कारणे, आप्तांच्या पत्रांना न दिलेल्या उत्तरांची कारणे, लग्नकार्यास न जाता आल्याची कारणे, या सर्वांवर काळाने आपले पांघरूण घातले आहे. एकच लबाडी मात्र अवघ्या दहा मिनिटांत उघडी पडली. तिच्याविरुद्ध कोणी साक्ष दिली नाही की कोणी उलटतपासणी केली नाही. साध्या वाफेने ती उघडी पाडली. ती लबाडी खरवसाची होती.

वडील वारल्यानंतर आईला आम्ही दिल्लीस आणले. वाईजवळच्या आमच्या खेड्यातील घराला कुलूप लागले, गोठ्यातली गाय शेजारच्या गोठ्यात गेली, आणि जन्मभर कृष्णेचे पाणी प्यालेली आई सरकारी वसाहतीतल्या दोन खोल्यांच्या घरात येऊन बसली. भेटीस येणारा प्रत्येक जण म्हणे, “हळूहळू मिसळतील हो इथे.” आम्हीही तसेच म्हणत असू, कारण तसे म्हटले की आपल्या माथ्यावरची जबाबदारी थोडी काळाच्या माथ्यावर जाते. आईने कधी तक्रार केली नाही, पण ती मिसळलीही नाही. शेजारच्या घरी रोहतककडच्या एक म्हाताऱ्या बाई राहतात. दुपारी उन्हात दोघी शेजारी शेजारी खाटेवर बसत, एकमेकींकडे पाहून हसत, आणि दोघींनाही एकमेकींची भाषा येत नसल्यामुळे थोड्याच वेळात गप्प होत.

आईला दिल्लीस येऊन चार वर्षे झाली होती. त्या वर्षीच्या जानेवारीत ती तापाने आजारी पडली. ताप उतरला, पण तोंडाची चव गेली ती परत येईना. एके संध्याकाळी ती म्हणाली, “खरवस खावासा वाटतोय रे. मिळतो का तुमच्याकडे?”

चार वर्षांत तिने काही मागितले, ते हे पहिलेच. आणि त्या मागण्यातला ‘तुमच्याकडे’ हा शब्द आम्हांला फार लागला.

पिशवीतून येणाऱ्या दुधाला गाय नसते, आणि जिथे गाय नाही तिथे तिचे विणे कुठून येणार? दिल्लीच्या सीमेवरच्या एका गावातून आमच्या वसाहतीत सायकलवरून दूध घालणारा एक गवळी येई; त्याला विचारले. हिंदीत चिकाला ‘खीस’ म्हणतात. तो म्हणाला, गाय होळीच्या सुमारास विणार आहे, तेव्हा पाहू. होळीला दोन महिने अवकाश होता. सौभाग्यवतींनी कुठूनसे ऐकले होते की दुधाची भुकटी, साखर आणि चायना ग्रास एवढ्यावर हुबेहूब खरवस होतो, आणि खाणाराला पत्ता लागत नाही. ‘पत्ता लागत नाही’ या शब्दांनी आमचा निर्णय झाला. आजाऱ्याच्या समाधानासाठी केलेल्या खोट्याला दोष नसतो, असे कुठल्याशा शास्त्रात असणारच, असे आम्ही मनाला बजावले आणि शनिवारी खारी बावलीच्या बाजारात गेलो.

दुकानदाराने चायना ग्रासच्या पांढऱ्या पट्ट्यांबरोबर एक पुडी आपण होऊन पुढे केली. “ग्वार गम है, इससे दूध गाढ़ा होगा.” गवारीच्या शेंगांची भाजी आम्ही जन्मभर खाल्ली आहे, तिच्या बियांतून असा डिंकासारखा पदार्थ निघतो, आणि जगातील बहुतेक गवार आपल्याच देशात, विशेषतः राजस्थानात पिकते, हेही वाचून ठाऊक होते. आईला दातांचा त्रास, तेव्हा खरवस मऊच व्हावा, म्हणून सौभाग्यवतींनी पहिल्या खेपेस चायना ग्रास बाजूला ठेवून केवळ गवारीच्या भुकटीवर काम भागवायचे ठरविले. साय काढलेल्या दुधाची भुकटी दाट कालवली, तीत साखर व वेलची घातली, गवारीची भुकटी घोटून मिसळली. रात्री पातेल्यात कसे छान दाटसर, एकजीव दिसत होते! सकाळी पाहतो तो त्याचे दोन मजले झालेले. खाली पांढरेशुभ्र दाट दूध, आणि वर किंचित धुरकट, बुळबुळीत पाणी. ढवळले की पुन्हा एक. ठेवले की पुन्हा दोन.

मराठी भाषेने या प्रांतात शब्दांची मोठीच श्रीमंती केली आहे. दूध विरजते, तूप थिजते, पाक आळतो, रक्त साकळते, खोबरेल गोठते. आणि जे जुळायला हवे ते न जुळता वेगळे झाले की त्याचे चोथापाणी होते. आमचे चोथापाणी झाले होते.

पदवीपुरते रसायनशास्त्र आम्ही शिकलो होतो. पुढे त्याचा उपयोग फायलींना कधी झाला नाही. त्या दिवशी मात्र जुनी खोड जागी झाली, आणि पुढचे दोन रविवार आम्ही वाचनालयात घालविले. तेव्हा कळले की आमच्या पातेल्यातला प्रकार पहिल्यांदा हॉलंडमध्ये डेल्फ्ट येथे बायरिंक नावाच्या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाने 1896 मध्ये नोंदवून ठेवला आहे. त्याने जिलेटिनचे पाणी आणि स्टार्चचे पाणी एकत्र केले. दोन्ही पाण्यात विरघळलेले, दोन्ही पारदर्शक. तरी मिश्रण गढूळ झाले, आणि ठेवल्यावर त्याचे दोन थर पडले. वर जिलेटिन, खाली स्टार्च. तेलपाण्याचे पटत नाही हे सर्वांना माहीत असते. पण इथे पाण्याचेच पाण्याशी पटले नव्हते.

जिलेटिन हे प्रथिन, आणि स्टार्च, गवारीचा डिंक, चायना ग्रास या सर्व बहुशर्करा, म्हणजे साखरेच्या कणांच्या लांबच लांब माळा. या दोन कुळांचे बहुधा जमत नाही. त्याचे कारण मोठे मनोरंजक आहे. जत्रेत दोन गावांची माणसे सुटी सोडली, तर घटकाभरात कोण कुठल्या गावचा हे ओळखू येईनासे होते. कारण प्रत्येकाला जायला हजार वाटा असतात. साखर आणि मीठ पाण्यात असेच सहज मिसळून जातात. पण त्याच माणसांनी एकमेकांचे हात घट्ट धरून हजार हजार जणांच्या साखळ्या केल्या, तर शेजाऱ्याला सोडून कोणालाच कुठे जाता येत नाही, आणि मिसळण्याने मिळायचे स्वातंत्र्य नाममात्र उरते. मग दोन गावांत हाडवैर असावे लागत नाही. किंचितशी नावड असली तरी पुरते. साखळ्या आपापल्या गावाकडे सरकतात. दुधात तर याहून निराळी गंमत घडते. दुधातले केसीन हे प्रथिन सूक्ष्म गोळ्यांच्या रूपाने पाण्यात तरंगत असते. दोन गोळे जवळ आले की त्यांच्यामधल्या अरुंद फटीत गवारीची लांब साखळी मावत नाही. ती बाहेरच राहते, आणि बाहेरून गोळ्यांना एकमेकांकडे ढकलते. गोळे असे एकत्र होत होत खाली बसतात. गवारीने कोणाला हाकलले नाही आणि दुधाने कोणाचा राग धरला नाही. एकाला जागा अपुरी पडली म्हणून दुसऱ्यांचा गोतावळा झाला, एवढेच. खिडकीशी जपमाळ घेऊन बसलेली आई त्या वेळी आम्हांला आठवली, हे सांगायला हरकत नाही.

दुसरा प्रयत्न चायना ग्रासचा. या पदार्थाचे शास्त्रीय नाव अगर. समुद्रातल्या तांबड्या शेवाळापासून तो काढतात. आपल्याकडे तामिळनाडूच्या किनाऱ्यावर तसे शेवाळ सापडते. त्याच्या जन्माची कथा जपानात सांगतात ती अशी : सतराव्या शतकाच्या मध्यास, क्योटोजवळच्या फुशिमी येथे मिनोया तारोझाएमोन नावाच्या खानावळवाल्याने उरलेला शेवाळाचा खाद्यपदार्थ हिवाळ्याच्या रात्री बाहेर टाकून दिला. तो रात्री गोठला, दिवसा वितळून वाळला, आणि उरलेल्या कोरड्या पापुद्र्याला पुन्हा उकळले तेव्हा तो अधिक स्वच्छ होऊन जमला. जपानीत त्याला ‘कांतेन’ म्हणजे थंड आकाश असे सुंदर नाव आहे. या थंड आकाशाला प्रयोगशाळेत नेले तेही एका गृहिणीने. बर्लिनला रॉबर्ट कोख यांच्या प्रयोगशाळेत वॉल्टर हेस नावाचे डॉक्टर काम करीत. जंतू वाढविण्यासाठी वापरलेले जिलेटिन उन्हाळ्यात वितळते, ही त्यांची अडचण. त्यांच्या पत्नी फॅनी हेस यांनी 1881 मध्ये अगर वापरण्यास सुचविले. जावा बेटात राहून आलेल्या डच शेजाऱ्यांकडून तो त्यांना लहानपणी ठाऊक झाला होता आणि त्यांच्या घरच्या जेलीत तो नेहमीच पडे. पुढल्याच वर्षी क्षयाच्या जंतूंवरील निबंधात कोख यांनी अगरचा उल्लेख केला. बाईंचा केला नाही. स्वयंपाकघरातून निघालेल्या टिपणावर वरिष्ठाची सही होऊन ते पुढे जाते, हा अनुभव केवळ आमच्या कार्यालयापुरता नाही, हे पाहून थोडे बरे वाटले.

तर, सौभाग्यवतींनी चायना ग्रास पाण्यात उकळून पुरता विरघळविला, गरम दुधात गाळला, केशराच्या दोन काड्या टाकल्या आणि भांडे लगेच गार पाण्यात ठेवले. तासाभरात वड्या पडल्या. सुरी कशी सुरेख फिरली! चोथा नाही, पाणी नाही.

दूध तेच होते. मग या खेपेस थर का पडले नाहीत? दूध आणि अगर यांचा एकाएकी स्नेह जडला होता, असे मुळीच नाही. वेगळे व्हायला वेळ लागतो, आणि जमायलाही वेळ लागतो. या दोहोंची शर्यत असते. अगर चाळीस अंशांच्या खाली आला की त्याच्या साखळ्या एकमेकींत पीळ घालून जाळे विणू लागतात. जाळे आधी पुरे झाले, तर दुधाचे गोळे जिथे असतील तिथेच अडकून राहतात. सावकाश निवविले तर वेगळे होण्यास सवड मिळून वडी रवाळ होते, आणि झटकन निवविले तर मऊसूत. गवारीला मात्र स्वतःचे असे जाळे विणताच येत नाही. ती नुसती दाट होते, म्हणून तिथे शर्यत होण्यापूर्वीच निकाल लागला होता. डोळ्यांना एकजीव दिसणारी वडी म्हणजे, खरे पाहता, अर्ध्या वाटेवर थबकलेला विभक्तपणा. ती जमलेली असते. मिसळलेली असतेच असे नाही. ‘जमणे’ आणि ‘मिसळणे’ हे दोन शब्द आम्ही आयुष्यभर एकाच अर्थाने वापरत आलो होतो.

आईपुढे बशी ठेवली. तिचा चेहरा उजळला. तिने वडीला बोट लावले आणि म्हणाली, “गार आहे रे. खोकला जायचा नाही माझा. अगं, जरा वाफेवर धर बघू.”

आम्ही आणि सौभाग्यवती एकमेकांकडे पाहत राहिलो. नाही म्हणायला कारण सुचेना. बशी मोदकपात्रात ठेवली आणि दहा मिनिटांनी झाकण काढले. बशीत केशरी दूध होते. वडीचा मागमूस नव्हता.

खरवस उष्णतेने जमतो आणि अगर उष्णतेने विरघळतो, एवढा साधा भेद पुस्तके वाचूनही आमच्या ध्यानात राहिला नव्हता. साध्या दुधात प्रथिने शेकडा साडेतीनच्या आत असतात, आणि त्यांतला मोठा हिस्सा केसीनचा. ते उकळले तरी डगमगत नाही. पहिल्या धारेच्या चिकात मात्र प्रथिने शेकडा चौदाच्या घरात जातात, आणि त्यांत वासराला रोगांपासून राखणाऱ्या प्रथिनांचा मोठा भरणा असतो. ती सत्तर-ऐंशी अंशांवर उलगडतात, आणि एकदा एकमेकांना बिलगली की पुन्हा सुटत नाहीत. खरवस कितीही वेळ वाफेवर ठेवा, तो पाण्याचे नाव घेणार नाही. अगरची वडी पंचाऐंशी अंशांच्या सुमारास सारे करार मोडून मोकळी होते.

आईने बशीकडे पाहिले, मग आमच्याकडे. जन्मभर तिने गोठा सांभाळला होता. तिला काय सांगायचे? क्षणभर थांबून ती म्हणाली, “दूध छान आटवलंय हो. आण, पिऊन टाकते.” आणि ते तिने शेवटच्या थेंबापर्यंत प्याले.

ती रागावली असती तर आम्हांला सोपे गेले असते.

दुसऱ्या दिवशी कार्यालयात एका पावतीपुस्तकावर लिहीत होतो. वरच्या कागदावर लिहिले की कार्बनवाचून खालच्या कागदावर उमटते, असे ते पुस्तक. ते पाहून नुकतेच वाचलेले आठवले. प्रथिन आणि बहुशर्करा यांचे वाकडेच असते असे नाही. जिलेटिन आणि बाभळीच्या जातीचा डिंक एकत्र करून पाणी किंचित आंबट केले, की जिलेटिनवर धन आणि डिंकावर ऋण विद्युतभार राहतो; मग दोघे एकमेकांना इतके ओढतात की पाण्याला सोडून दोघांचे मिळून दाट थेंब बनतात. हॉलंडच्याच बुंगेनबर्ग द योंग आणि क्रुइट यांनी 1929 मध्ये या क्रियेचे नामकरण केले. पुढे 1950 नंतरच्या दशकात अमेरिकेत नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीतील बॅरेट ग्रीन यांनी या दाट थेंबांची कवचे रंगहीन शाईच्या तेलकट थेंबांभोवती चढविली. लेखणीच्या दाबाने कवच फुटते, शाई खालच्या कागदावरील मातीच्या लेपाला मिळते आणि अक्षर उमटते. आरंभीचा हा कागद अशा प्रकारे जिलेटिन आणि डिंक यांच्या मैत्रीवर उभा होता. म्हणजे तेच कुळ, तेच पाणी. आंबटपणा थोडा बदलला की वैऱ्याचा सोयरा होतो. आमच्या मनात आले, माणसांच्या बाबतीत आपण ‘हळूहळू मिसळतील’ म्हणतो आणि हात झटकतो. काळ आपल्या पायांनी चालला तर तो वेगळे करण्याकडेही चालू शकतो. कोणीतरी पाणी थोडे बदलावे लागते. त्या संध्याकाळी आम्ही आईला सारे खरे सांगितले. गवार, शेवाळ, बाजार, सगळे. ती ऐकत राहिली आणि शेवटी एवढेच म्हणाली, “विचारलं असतंस तर मीच सांगितलं असतं, थांबू होळीपर्यंत.”

होळीच्या आदल्या दिवशी पहाटे गवळ्याने दार वाजविले. किटलीत पिवळाधमक चीक होता. आई उठून आली आणि तिने पहिला प्रश्न केला तो वासराचा. “पाडसाला पोटभर पाजलं का, विचार त्याला.” वासराला आईच्या पोटात असताना हे संरक्षण मिळत नाही, जन्मानंतरच्या पहिल्या काही तासांतल्या चिकातूनच ते मिळते, हे आम्ही पुस्तकात वाचले होते. आईने पुस्तक वाचले नव्हते. वासरू पिऊन उरलेलाच आणला आहे, असे गवळ्याने शपथेवर सांगितले, तेव्हा तिने किटली आत घेतली.

त्या दिवशी स्वयंपाकघर तिचे होते. चिकात साधे दूध किती घालावे याला तिच्यापाशी माप नव्हते. वाटीभर मिश्रण वाफवून पाही, बोटाने दाबी, म्हणे, “अजून दूध मागतोय.” तिसऱ्या वाटीला तिचे समाधान झाले. गूळ, वेलदोडा, जायफळ घालून भांडे वाफेवर चढले, आणि वाफेवर असेतो तिने कोणाला त्याला हात लावू दिला नाही. मग काय वाटले कोण जाणे, बाजूला ठेवलेला बिनवाफवलेला चीक एका लोट्यात घेऊन ती स्वतः शेजारी गेली.

तासाभराने शेजारच्या बाई ताट झाकून आल्या. त्यांनी त्यांच्याकडच्या रीतीने खीस साखर घालून मंद आचेवर सतत ढवळत शिजविला होता. त्याचा रवाळ, दाणेदार, खमंग असा पदार्थ झाला होता. आमच्या घरची वडी गुळगुळीत, थरथरणारी. एकाच गाईचा, एकाच किटलीतला चीक! स्थिर ठेवला तर त्याचे अखंड जाळे बनते, ढवळला तर जाळे बनता बनता तुटून त्याचे कण होतात. आईने दाणे चिमटीत धरून पाहिले आणि हाताने ढवळण्याची खूण केली. बाईंनी मान डोलावली, वडीवर बोट ठेवले आणि हात स्थिर धरून दाखविला. मग दोघी कितीतरी वेळ हातांनी बोलत होत्या. आमची कन्या मध्ये बसून दोन्ही ताटांवर हात मारीत होती, आणि कोणाच्या बाजूने बोलावे हे न कळून दोन्ही भाषांत ‘आणखी’ म्हणत होती.

आता आई आणि त्या बाई एकरूप झाल्या, असे लिहिले तर तीही एक लबाडीच होईल. आईला अजून हिंदी येत नाही, आणि बाईंना मराठीतले ‘बसा’ एवढेच येते. दुपारच्या उन्हात त्या आपापली जपमाळ ओढीत शेजारी शेजारी बसतात.

मागच्या मे महिन्यात, दिल्लीचे ऊन अंगाची लाही लाही करीत असता, आई सौभाग्यवतींना म्हणाली, “अगं, तो तुमचा समुद्राचा खरवस कर की. गारच दे, वाफेवर नको ठेवूस.” त्याच दिवशी गावाकडून मावशीचा दूरध्वनी आला. आम्ही बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्र वाचीत होतो. आईचे बोलणे कानी पडत होते. “उन्हाळा म्हणजे काय विचारू नकोस. पण आमच्याकडे इथे एक गार खरवस करतात, समुद्रातल्या गवताचा. खरा नव्हे हो तो. पण चांगला लागतो.”